ईस्टरची पंगत

प्रत्येक मोठ्या सणाचे दोन इतिहास असतात. एक देवळाचा आणि दुसरा स्वयंपाकघराचा. देवळाचा इतिहास धर्मग्रंथांत आणि धर्मसभांच्या निर्णयांत लिहून ठेवलेला असतो. तो शोधावयास फारसे सायास पडत नाहीत. स्वयंपाकघराचा इतिहास मात्र कोणी मुद्दाम लिहीत नाही. तो एखाद्या राजाच्या खर्चाच्या वहीत, एखाद्या वैद्याच्या निबंधात, एखाद्या मुलीच्या रोजनिशीत असा विखुरलेला सापडतो, आणि वेचून जुळवावा लागतो. ख्रिस्ती लोकांच्या ईस्टर या सणापुरती अशी जुळवाजुळव आज करावयाची आहे.

ईस्टरचा देवळातील अर्थ सर्वपरिचित आहे. गुड फ्रायडेच्या दिवशी क्रुसावर प्राण सोडलेला येशू ख्रिस्त तिसऱ्या दिवशी, रविवारी, पुन्हा उठला या श्रद्धेचा हा सण. इ. स. 325 मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मसभेने तो सर्व ख्रिस्ती मंडळींनी एकाच रविवारी पाळावा असे ठरविले, आणि वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार हा नियम पुढे रूढ झाला. पण त्या दिवशी इंग्लंडातील किंवा जर्मनीतील एखाद्या घरात डोकावले तर जे दिसते ते काही निराळेच. मोठ्या मेजाभोवती आजोबा-आजींपासून नातवंडांपर्यंत सारे कुटुंब जमलेले असते. मेजावर कोकराचे मांस, गोड पाव आणि केक मांडलेले असतात. आणि बाहेर बागेत मुले हातात टोपल्या घेऊन झुडपांखाली, गवतात, कुंड्यांमागे रंगीत अंडी शोधीत धावत असतात. ही अंडी सशाने घातली, असे त्यांना सांगितलेले असते!

यांपैकी रंगीत अंड्यांचा किंवा सशाचा बायबलातील पुनरुत्थानाच्या कथेत कोठेही उल्लेख नाही. म्हणूनच कर्मठ मंडळींना हा निव्वळ पोरखेळ वाटतो. दुसरे काही जण म्हणतात, की हे सारे ख्रिस्तपूर्व देवीपूजेचे अवशेष आहेत. तिसऱ्यांच्या मते ही मिठाईवाल्यांची करामत आहे. या तिन्ही मतांची परीक्षा इतिहासाच्या साधनांनी करता येते. आणि ती केली असता असे दिसते, की ज्याला आपण पोरखेळ म्हणतो त्यानेच अनेक प्रसंगी हा सण जगविला आहे.

प्रारंभ मेजापासून करू. ख्रिस्ताचे अखेरचे भोजन हे यहुदी लोकांच्या पेसाह सणाचे भोजन होते, असे पहिली तीन शुभवर्तमाने सांगतात. मिसर देशाच्या दास्यातून आपले पूर्वज सुटले त्या रात्रीची आठवण म्हणून यहुदी कुटुंबे आजही बेखमीर भाकर, कडू भाजी आणि द्राक्षरस घेऊन घरीच एकत्र बसतात. या विधीत सर्वांत लहान मुलाला एक मानाचे काम असते. त्याने प्रश्न विचारावयाचा, की आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? त्याला उत्तर देण्यासाठी वडीलधाऱ्यांनी सगळी कथा सांगावयाची. मुलांनी असा प्रश्न विचारावा हा दंडक इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात आलेला आहे. पुष्कळ घरांत भाकरीचा एक तुकडा लपवून ठेवतात आणि तो मुलांनी शोधून काढावयाचा असतो. या रात्री वाचावयाची पोथी, जिला हग्गादा म्हणतात, ती आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. पुढे 1874 मध्ये पुण्यातही तशी पोथी निघाली. म्हणजे ज्या पंगतीतून ईस्टरचा उगम झाला, त्या पंगतीतला मुलाचा प्रश्न मराठीतही विचारला गेलेला आहे.

ग्रीक व लॅटिन भाषांत ईस्टरला ‘पास्खा’ हेच नाव पडले, आणि ते या पेसाह शब्दावरूनच आले. नव्या धर्माने सण देवळात नेला, तरी त्याच्या नावात जुन्या घरगुती भोजनाची खूण राहिली.

आता अंडी कोठून आली ते पाहू. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचे कडक उपोषणव्रत असे. इंग्रजीत त्याला लेंट म्हणतात. या काळात मांस तर वर्ज्य असेच, पण बहुतेक ठिकाणी दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असत. व्रत लागण्यापूर्वीच्या मंगळवारी घरातील शिल्लक अंडी व लोणी संपविण्यासाठी इंग्लंडात धिरड्यांसारखे पॅनकेक करीत, आणि ती चाल अजून टिकून आहे. पण माणसांनी व्रत धरले म्हणून कोंबड्या थोड्याच व्रत धरतात! उलट वसंत ऋतूत दिवस मोठा होऊ लागला की त्या अधिक अंडी घालू लागतात. परिणाम असा होई, की ईस्टर उजाडेपर्यंत घरोघरी अंड्यांचा साठा जमे. काही उकडून ठेवावी लागत, काही पाखरे उबवण्यासाठी राखली जात, आणि उरलेली वाटावयाची असत. एकादशीच्या उपवासानंतर द्वादशीला पारणे फेडण्याची आपल्याकडे रीत आहे. ईस्टरचे जेवण हे असेच चाळीस दिवसांच्या व्रताचे पारणे होते, आणि त्या पारण्यात अंडे हा पहिला घास होता. त्याला देवीच्या आशीर्वादाची गरज नव्हती. घरधनिणीचा हिशेब पुरेसा होता.

या हिशेबाचा एक लेखी पुरावा प्रसिद्ध आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 च्या खर्चाच्या नोंदीत ईस्टरसाठी 450 अंडी 18 पेन्सांस घेतल्याचे नमूद आहे. ही अंडी रंगवून आणि सोन्याचा वर्ख लावून राजपरिवारातील माणसांना वाटावयाची होती. अंडे रंगविण्यात आणि देण्यात जो आदर आहे तो त्या वहीतून स्पष्ट दिसतो. धर्मपीठानेही या चालीला आपल्यात सामावून घेतले. पाचव्या पॉल या पोपच्या कारकिर्दीत, 1614 मध्ये, जो अधिकृत विधिग्रंथ प्रसिद्ध झाला त्यात ईस्टरच्या अंड्यांना आशीर्वाद देण्याची प्रार्थना आहे. पोलंडमध्ये आजही शनिवारी घरोघरच्या टोपल्या देवळात नेतात. त्यांत अंडी, पाव, मीठ, मांस असे पदार्थ असतात. धर्मगुरू त्यांवर पवित्र जल शिंपडतो आणि टोपल्या पुन्हा घरी येतात. रविवारी सकाळी एक अंडे कापून त्याच्या फोडी घरातील सर्वांनी एकमेकांना शुभेच्छा देत खावयाच्या, हा तेथील सणाचा आरंभ. ग्रीस देशात गुरुवारी अंडी लाल रंगवितात आणि पुनरुत्थानाची घोषणा झाल्यावर लहानथोर ती एकमेकांच्या अंड्यांवर आपटतात. ज्याचे अंडे शेवटपर्यंत फुटत नाही तो त्या वर्षीचा भाग्यवान. फुटलेले कवच म्हणजे उघडलेली कबर, असा अर्थ मोठी माणसे सांगतात. मुलाला मात्र आधी खेळ कळतो आणि मग अर्थ. मेजावर प्रश्न विचारणाऱ्या यहुदी मुलाची रीतही हीच आहे.

राहिला ससा. त्याचा जुना लेखी उल्लेख एका वैद्यकीय प्रबंधात मिळतो, ही मौजेची गोष्ट आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे 1682 मध्ये ईस्टरच्या अंड्यांविषयी एक लॅटिन निबंध प्रसिद्ध झाला. तो गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या वैद्याच्या नावाने ओळखला जातो. आल्सास आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशांत ‘सशाची अंडी’ गवतात व झुडपांत लपवितात, मुले ती शोधतात आणि मोठ्यांची करमणूक होते, असे त्यात नमूद आहे. वैद्याची खरी चिंता मात्र दुसरीच होती. उपवासानंतर फार अंडी खाल्ल्याने होणाऱ्या त्रासाविषयी त्याला सावध करावयाचे होते.

येथे त्या देवीच्या कथेचाही निकाल लावला पाहिजे. इंग्लंडमधील बीड या विद्वान संन्याशाने 725 च्या सुमारास कालगणनेवर जो ग्रंथ लिहिला त्यात तो सांगतो, की जुने इंग्रज लोक वसंतातील एका महिन्याला ‘एओस्त्रे’ नावाच्या देवीवरून ओळखत. या देवीविषयी बीडने दिलेली माहिती इतकीच. त्यात अंडी नाहीत आणि ससाही नाही. पुढे 1835 मध्ये याकोब ग्रिमने जर्मन दैवतकथांवरील आपल्या ग्रंथात तिची जर्मन बहीण ‘ओस्तारा’ ही कल्पिली. आणि 1874 मध्ये आडोल्फ होल्ट्‌समान याने ससा हा बहुधा त्या देवीचा प्राणी असावा, असा तर्क केला. त्या तर्काचीच पुढे लोकांनी वस्तुस्थिती केली, आणि सशाला अंडी देणाऱ्या प्राचीन देवीची कथा सर्वत्र सांगितली जाऊ लागली. तिला जुन्या साधनांचा आधार नाही. जी चाल सतराव्या शतकात जर्मन आईबाप मुलांच्या गमतीसाठी पाळीत होते, तिला एकोणिसाव्या शतकातील पंडितांनी हजार वर्षांचे वय दिले.

सणाचे हे घरगुती रूप किती चिवट असते याची साक्ष राज्यकर्त्यांच्या बंदीहुकुमांनी दिली आहे. इंग्लंडमध्ये प्युरिटन पक्षाच्या हाती सत्ता आली तेव्हा पार्लमेंटने 1647 मध्ये नाताळ आणि ईस्टर हे सण कायद्याने रद्द केले. 1660 मध्ये राजसत्ता परत आली आणि सणही परत आले. त्यापुढचा मोठा बदल जर्मन मातेमुळे झाला. राजकन्या व्हिक्टोरिया तेरा वर्षांची असताना, 7 एप्रिल 1833 रोजी, तिच्या आईने अंडी रंगवून व सजवून लपविली आणि मुलांनी ती शोधली, अशी नोंद तिने आपल्या रोजनिशीत केली आहे. तिची आई कोबुर्गच्या घराण्यातली. माहेरची चाल तिने लेकीच्या हाती दिली. व्हिक्टोरिया राणी झाल्यावर तिने व तिचा पती आल्बर्ट याने आपल्या मुलांसाठी हाच खेळ चालू ठेवला. राजवाड्यात जे होते त्याचे अनुकरण मध्यमवर्गाच्या घरांत होते. अशा रीतीने एका प्रांतातील माहेरची रीत साऱ्या इंग्लंडची झाली.

मिठाईवाले आले ते यानंतर. कोकोतील स्निग्धांश वेगळा काढण्याची युक्ती हॉलंडमध्ये 1828 मध्ये निघाली. तिच्यामुळे साच्यात ओतता येईल असे चॉकलेट करणे पुढे शक्य झाले. ब्रिस्टलच्या फ्राय या कारखान्याने 1873 मध्ये आणि बर्मिंगहॅमच्या कॅडबरी कारखान्याने 1875 मध्ये चॉकलेटची पोकळ अंडी काढली. तेव्हा व्यापाऱ्याने हा सण निर्माण केला हे म्हणणे खरे नाही. घरात तयार झालेला सण त्याने विकत देण्याची सोय केली. मात्र त्या सोयीची किंमतही मोजावी लागली. पूर्वी कांद्याच्या साली, बीटचा रस, पालकाचे पाणी यांत अंडी उकळून रंगविताना आई, आजी आणि मुले एका चुलीभोवती बसत. विकतच्या अंड्याने मुलाच्या तोंडाला गोडी आणली, पण त्याच्या हातातले काम काढून घेतले. कर्मठांच्या तक्रारीत काही तथ्य असेल तर ते येथे आहे.

घरगुती खेळ सार्वजनिक झाला म्हणजे पाहुणा कोण आणि परका कोण, हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे ईस्टरच्या सोमवारी मुले संसदभवनाच्या उतारावरून उकडलेली अंडी घरंगळत सोडण्याचा खेळ खेळत. हिरवळीची नासाडी होते म्हणून 1876 मध्ये कायदा करून तेथे खेळण्यास मनाई करण्यात आली. तेव्हा 1878 मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांनी आपल्या निवासस्थानाची, व्हाइट हाउसची, हिरवळ मुलांना मोकळी करून दिली. राष्ट्राध्यक्ष हा मुलांचा यजमान झाला, ही गोष्ट सुंदर खरी. परंतु वर्णभेदाच्या त्या काळात वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी ईस्टरचा सोमवार साजरा करण्यासाठी राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाचे मैदान निवडले. शिदोऱ्या घेऊन, लहान मुलांना सजवून ती तेथे जमत, आणि तेथेच त्यांचीही अंडी घरंगळत. ही परंपरा शतकाहून अधिक काळ टिकली आहे. ज्यांना मोठ्या अंगणात अवघडल्यासारखे झाले त्यांनी आपली पंगत दुसरीकडे मांडली, पण मुलांचा सण चुकू दिला नाही.

रशियाचे उदाहरण याहून बोलके आहे. झार तिसरा अलेक्झांडर याने 1885 मध्ये आपल्या राणीला ईस्टरनिमित्त फाबर्जे या जवाहिऱ्याकडून एक अंडे करवून दिले. वर पांढरा मीना, आत सोन्याचा बलक आणि त्यात सोन्याची कोंबडी. अशी एकूण 50 अंडी राजघराण्याला पोहोचली. 1917 मध्ये क्रांती झाली, राजघराणे गेले आणि ती अंडी देशोदेशींच्या संग्रहांत विखुरली. त्यानंतर देवळे बंद झाली आणि धर्माचरण संशयास्पद ठरले. पण त्याच देशात कांद्याच्या सालींत रंगविलेले साधे अंडे स्वयंपाकघरातून हलले नाही. ‘कुलिच’ हा ईस्टरचा उंच गोड पाव आज्या गुपचूप भाजत राहिल्या. पुढे तर सरकारी दुकानांतूनच त्या सुमारास तसाच पाव ‘वसंताचा केक’ अशा निधर्मी नावाने विकला जाऊ लागला! रत्नजडित अंडी वस्तुसंग्रहालयात गेली, आणि सण टिकला तो कांद्याच्या सालींवर.

आपल्या देशात या सणाची पंगत युरोपातील काही भागांच्याही आधी बसली असावी, असे केरळातील सिरियन ख्रिस्ती परंपरेकडे पाहून वाटते. तेथे पन्नास दिवसांचे व्रत पाळतात. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री घरी ‘पेसहा अप्पम’ हा बेखमीर पदार्थ करतात. तांदळाचे पीठ आणि उडदाची डाळ यांचा तो असतो, आणि त्यावर आधीच्या रविवारी देवळातून आणलेल्या झावळीच्या पात्याचा क्रूस ठेवतात. नारळाचे दूध आणि गूळ यांचे गोड पेय सोबत असते. प्रार्थना झाल्यावर कुटुंबप्रमुख तो अप्पम मोडून वयाच्या क्रमाने सर्वांना देतो. पेसाहचे नाव, बेखमीर भाकर आणि घरातील वडीलधाऱ्याच्या हातून वाटप, हे सारे तेथे एकत्र टिकून आहे. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू घडला असेल तेथे हा अप्पम करीत नाहीत. शेजारी आणि नातलग आपल्या घरचा नेऊन देतात. आणि रविवारी पहाटेची उपासना आटोपली, की गरम अप्पम व मांसाचा रस्सा यांवर व्रताचे पारणे होते.

कोकण किनाऱ्याची कथा निराळी. गोव्यातील राशोल येथे 1616 मध्ये छापल्या गेलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने ख्रिस्ताची जीवनकथा मराठी ओवीत आणली. वसईचा प्रांत 1534 ते 1739 या काळात पोर्तुगीजांकडे होता. मराठ्यांनी तो जिंकल्यावर पोर्तुगीज गेले, पण तेथील ख्रिस्ती कुटुंबे आणि त्यांचे सण राहिले. मुंबईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत ईस्टरला मार्झिपानची अंडी करतात. युरोपात हा पदार्थ बदामाचा. येथे त्यात काजू पडला. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले. म्हणजे या एका अंड्यात युरोपची रीत, दक्षिण अमेरिकेचे फळ आणि कोकणातील गृहिणीचा हात एकत्र आला आहे. मेजावर सान्नां आणि सोरपोतेल असतात, पाहुण्यांत शेजारचे हिंदू आणि मुसलमानही असतात, आणि साच्यातून काढलेल्या अंड्यावर साखरेचे फूल बसविण्याचे काम अनेक घरांत मुलांकडे असते.

या इतिहासावरून यजमानालाही काही शिकता येईल. मुलांना तयार अंडी वाटण्यापेक्षा ती रंगवू द्यावीत. लहानग्यांसाठी अंडी डोळ्यांसमोर ठेवावीत आणि थोरल्यांसाठी अवघड जागी. म्हणजे कोणाची टोपली रिकामी राहणार नाही. अंडी लपविण्याचे काम आजोबांकडे द्यावे, म्हणजे त्यांनाही सणात जागा मिळेल. ज्या शेजाऱ्याच्या घरी यंदा सण नाही त्याचा वाटा आधी काढून ठेवावा, हा केरळचा धडा तर सर्वच धर्मांच्या घरांना उपयोगी आहे. आणि जेवताना एखाद्या मुलाने विचारलेच, की आज हे सगळे कशासाठी, तर घाईचे उत्तर देऊ नये. सगळी कथा सांगावी.

देवळाने ईस्टरला अर्थ दिला, तिथी दिली आणि प्रार्थना दिली. त्याचे ऋण कोणी नाकारू नये. परंतु कायदे बदलले, राज्ये उलथली, देवळांना कुलपे लागली, तेव्हा तो अर्थ सांभाळून ठेवण्याचे काम ज्यांनी केले त्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. अंडी उकडणाऱ्या, पाव भाजणाऱ्या आणि मुलांना अंगणात सोडून दारात उभ्या राहणाऱ्या त्या गृहिणी होत. पोरखेळ म्हणून ज्याची हेटाळणी होते, तो पुढच्या पिढीच्या हाती सण सोपविण्याचा त्यांचा मार्ग होता.